ध्यान करूनही ‘मी’ सैल का होत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिवसभर डोक्यात स्वतःचाच विषय फिरत असतो. कोण काय बोललं, त्यामागे काय असेल, आपण कसे दिसलो, आपल्यालाच का वगळलं. यावर उपाय म्हणून बरेच महिने तुम्ही रोज श्वासावर लक्ष ठेवून बसता. बसल्यावर शांत वाटतं. पण घरात कुणी मोठ्यानं बोललं की ‘माझं ध्यान मोडलं’ म्हणून राग येतो, आणि अलीकडे ‘हे लोक किती बेभान जगतात, आपण निदान सजग तरी आहोत’ असंही वाटू लागलं आहे. मैत्रीभावना, म्हणजे ‘अमुक सुखी असो’ असा मनात संकल्प, करून पाहिली, ती कोरडी, पाठांतर म्हटल्यासारखी. मग चुकतंय कुठे?

तुमची साधना अर्धी आहे, एवढंच. सजगता म्हणून तुम्ही जे करता ती मुख्यतः एकाग्रतेची बैठक आहे, आणि एकाग्रता कुणाचीही चाकरी करते. सध्या ती ‘मी’च्या चाकरीत आहे. हा काही नवखेपणाचा दोष नाही. वर्षानुवर्षं शिबिरं करणाऱ्यांतही मी हे पाहत आलो आहे. बैठक जितकी चांगली, तितका हा प्रकार छान लपतो.

आधी ‘आपण निदान सजग आहोत’ याबद्दल. पाली ग्रंथांत ‘मान’ नावाचा क्लेश सांगितला आहे: स्वतःला इतरांशी मोजत राहण्याची सवय. त्याची तीन रूपं आहेत. मी श्रेष्ठ, मी बरोबरीचा, मी हीन. तिसऱ्या रूपाकडे लोकांचं लक्षच जात नाही. ‘माझ्यात काही दम नाही’ हा विचार नम्र वाटतो, पण त्याच्याही मधोमध ‘मी’च बसलेला असतो. तुम्ही आधी तिसऱ्या खोलीत होतात, ध्यानानंतर पहिल्या खोलीत आलात. घर तेच आहे. मनुष्याला बांधून ठेवणारी जी दहा संयोजनं, म्हणजे बेड्या, सांगितल्या आहेत त्यांत मान आठवा आहे आणि तो अर्हत्, म्हणजे पूर्ण मुक्त, झाल्यावरच सुटतो. तेव्हा तो आपल्यात दिसला म्हणून दचकायचं कारण नाही. दिसला हेच बरं झालं.

या संदर्भात खेमक भिक्षूची गोष्ट मला फार जवळची वाटते. कोसंबीजवळ तो आजारी पडलेला असतो. तिथल्या घोषिताराम विहारातले वडीलधारे भिक्षू निरोप्याकरवी विचारतात की रूप, वेदना (इथे दुखणं नव्हे, प्रिय-अप्रिय जाणवणं), संज्ञा, संस्कार, विज्ञान या पाच स्कंधांपैकी, म्हणजे माणूस ज्यांचा बनतो त्या घटकांपैकी, कशाला तू ‘मी’ किंवा ‘माझं’ मानतोस का? तो म्हणतो, नाही. मग तू अर्हत् झालास का? तेही नाही. ‘हा मी’ असं बोट ठेवता येईल असं काही उरलेलं नाही, तरी ‘मी आहे’ हा भाव गेलेला नाही. शेवटी तो काठी टेकत स्वतःच त्यांच्याकडे जातो आणि धुतलेल्या कपड्याचा दाखला देतो: मळ निघतो, पण खाराचा वास काही काळ राहतो. इतक्या पुढच्या साधकाची ही स्थिती असेल, तर काही महिन्यांच्या बैठकीनं आपला ‘मी’ विरघळावा अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. आपलं काम त्याची पकड ढिली करण्याचं आहे.

‘मी नाहीच’ असं मनाला पटवत बसू नका. वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकानं बुद्धांना विचारलं, आत्मा आहे का? बुद्ध गप्प राहिले. मग आत्मा नाही का? तरीही गप्प. दोन्ही उत्तरं त्याला आणखी एका मतात अडकवणारी होती. सारनाथला पाच भिक्षूंना दिलेल्या अनात्मलक्षण उपदेशात त्यांनी केलं ते निराळं: एकेक स्कंध घेऊन विचारलं, हे तुमच्या हुकमात आहे का? वेदना खरोखर ‘मी’ असती, तर ‘अशी हो, तशी होऊ नकोस’ म्हटल्यावर तिनं ऐकलं असतं. ही तपासणी आहे, आणि ती बसल्या जागी करता येते. राग यावा असं तुम्ही ठरवलं होतं का? तो जावा म्हटल्यावर गेला का? मग तो ‘माझा’ कोणत्या अर्थानं?

आता मुख्य भाग. ‘मी’ चोवीस तास सारखा हजर नसतो. तो वेळोवेळी तयार होतो, आणि तयार होताना पाहता येतो. एक साधा प्रसंग घ्या. ओळखीच्या कुणाला तुम्ही मेसेज पाठवला. त्यांनी तो पाहिला, उत्तर नाही. डोळ्यांना दोन खुणा दिसल्या, एवढंच घडलं. त्या क्षणी छातीत किंवा पोटात बारीकसं आवळतं: ही अप्रिय वेदना. लगेच मन ओळख पटवतं, ‘दुर्लक्ष’. मग विचार: मागच्या वेळीही असंच झालं होतं. मग त्या विचाराला फांद्या फुटतात: लोक मला गृहीत धरतात, मीच नेहमी पुढाकार घ्यायचा, यापुढे नाही घेणार. मज्झिम निकायातल्या मधुपिंडिक सुत्तात, म्हणजे उपदेशात, महाकच्चान भिक्षू हीच साखळी सांगतात: स्पर्श (इंद्रियाची विषयाशी गाठ), वेदना, संज्ञा, वितर्क आणि शेवटी प्रपंच. इथे प्रपंच म्हणजे मनानं रचलेला पसारा. अट्ठकथांनी, म्हणजे जुन्या पाली भाष्यांनी, या पसाऱ्याची मुळं तीन सांगितली: तृष्णा, मान आणि दृष्टी. म्हणजे ‘मला हवं’, ‘मी कुठे उभा’ आणि ‘मी असा आहे’.

पसाऱ्यात शिरून एकेक विचार खोडत बसलात तर दिवस पुरणार नाही. पकडायची जागा वेदना आहे. ती शरीरात असते, तिला शब्द नसतात, आणि तिच्यापुढचं पाऊल टाकायचं की नाही एवढी सवड तिथे असते. सल्ल सुत्तात दोन बाणांचं उदाहरण आहे. पहिला बाण शरीराला लागलेला. दुसरा आपण त्यावर कुढून स्वतःला मारून घेतलेला. दुसरा बाण सुटतो तो याच जागेवरून. म्हणून प्रसंग घडला की आधी मनात एकच नोंद करा: अप्रिय. किंवा प्रिय, किंवा यापैकी काहीच नाही. मग ती शरीरात नेमकी कुठे आहे ते पाहा, आणि दोन-तीन श्वास तिथेच थांबा. विचार तरीही येईल. येऊ द्या, पण तो ‘माझ्या’, ‘मला’, ‘माझ्याशी’ घेऊन कसा येतो, हे त्याच्या येण्यातच दिसेल. पुष्कळदा हे दिसणंच पुरतं.

स्तुती झाली तेव्हाही हेच करा. अपमानाच्या वेळी सगळे साधक होतात. कौतुकाच्या वेळी नोंद ठेवणारा क्वचित भेटतो, आणि ‘मी’ तिथेच जास्त गुटगुटीत होतो.

तिसरी वेदना, ना सुखद ना दुःखद, तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची. रांगेत उभे आहात, भांडी घासताय, काहीच विशेष चाललेलं नाही. मन ती पोकळी स्वतःच्या कथेनं भरतं. हे आता मेंदूशास्त्रालाही ओळखीचं आहे. मार्कस राइकल आणि सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवलं की बाहेरचं काम नसताना मेंदूचे काही भाग अधिक सक्रिय असतात. त्यांना ‘डिफॉल्ट मोड नेटवर्क’ म्हणतात. स्वतःविषयीच्या विचारांशी त्यांचा जवळचा संबंध आहे, आणि २०११ सालच्या एका अभ्यासात मुरलेल्या साधकांमध्ये ध्यानावेळी यातल्या मुख्य भागांची सक्रियता कमी दिसली. अर्थात हे जाळं म्हणजे ‘अहंकाराचं केंद्र’ असं समजू नका, ते योजना आखतं, इतरांच्या मनाचा विचारही करतं. आपल्यापुरता बोध इतकाच की रिकाम्या क्षणी ‘मी’ची कथा आपोआप सुरू होते. तेव्हा मोठ्या प्रसंगांची वाट न पाहता या कंटाळवाण्या क्षणांवर नजर ठेवा.

इथपर्यंत नुसती सजगता पुरते. पुढे ती कमी पडते, आणि तुम्ही नेमके तिथेच उभे आहात.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात योग आणि ध्यान करणाऱ्यांमध्ये, सरावानंतर स्वतःला इतरांपेक्षा सरस समजण्याची वृत्ती घटण्याऐवजी वाढलेली आढळली. २०२१ सालचा दुसरा अभ्यास अधिक बोलका आहे. सजगतेच्या छोट्या सरावानंतर मदतीसाठी पुढे येण्याची तयारी काहींमध्ये वाढली आणि काहींमध्ये चक्क कमी झाली. जे स्वतःला नात्यांतून पाहतात त्यांच्यात वाढली. जे स्वतःला सगळ्यांपासून सुटं समजतात त्यांच्यात घटली. सजगतेनं दोघांचाही आधीचाच कल बळकट केला. तुमच्या घरातल्या गोंगाटाचं कोडं इथे सुटतं. शांतता ही तुमची मालमत्ता झाली आहे, आणि बोलणारी माणसं त्या मालमत्तेत घुसखोरी करताहेत.

सजगतेवरच्या सतिपट्ठान सुत्तात याची तरतूद आहे, पण ती बहुतेक जण वगळतात. कायेचं, वेदनेचं, चित्ताचं निरीक्षण सांगितल्यावर प्रत्येक ठिकाणी एक वाक्य पुन्हा येतं: हे आत पाहा, बाहेर पाहा, आत-बाहेर दोन्हीकडे पाहा. ‘बाहेर’ याचा परंपरेनं लावलेला सरळ अर्थ दुसऱ्या माणसाच्या ठिकाणी. शिबिरात डोळे मिटून बसायची सवय लागल्यानं हा भाग राहून जातो. माझ्या मते ‘मी’ सैल होण्याच्या दृष्टीनं तोच सगळ्यात कसदार आहे.

करायचं असं. कुणी तुमच्याशी बोलत असताना, उत्तर जुळवायचं सोडून त्या माणसाचे खांदे पाहा, श्वास वर चालला आहे की खाली ते पाहा, आवाज कुठे चिरकतो, कुठे घाई होते ते ऐका. आपल्या छातीत आवळतं तेव्हा आपला आवाज कसा होतो ते तुम्हाला आता माहीत आहे. तोच आवाज समोरून येतोय का? निदान करू नका, ‘यांना असुरक्षित वाटतंय’ असा शिक्का मारू नका. तो पुन्हा मानाचाच खेळ. एवढंच लक्षात येऊ द्या की तीच साखळी तिकडेही चालू आहे: स्पर्श, वेदना, पसारा. तिकडचाही पसारा त्यांना स्वतःलाच मध्यभागी ठेवून रचला गेला आहे. त्या पसाऱ्यात तुम्ही बहुधा एक किरकोळ पात्र आहात. हे पहिल्यांदा जाणवतं तेव्हा थोडं लागतं, पण त्यानंतर कमालीचं हलकं वाटतं. उत्तर न आलेल्या मेसेजमागे तुमच्याविषयी कुठलाच विचार नव्हता, ही शक्यता मग खरीखुरी वाटू लागते.

इथून करुणा लांब नाही. बुद्धांनी ती स्वतःवरच्या प्रेमाला झिडकारून उभी केलेली नाही, हेही पाहण्यासारखं आहे. कोसलचा राजा पसेनदी राणी मल्लिकेला विचारतो, तुला स्वतःपेक्षा प्रिय असं कुणी आहे का? ती म्हणते, नाही महाराज, आणि तुम्हाला? राजालाही तेच कबूल करावं लागतं. ही गोष्ट ऐकून बुद्ध दोघांनाही बोल लावत नाहीत. ते म्हणतात, मनानं सगळ्या दिशा फिरून आलं तरी स्वतःहून प्रिय कुणी सापडत नाही. इतरांनाही आपापला जीव असाच प्रिय आहे, म्हणून ज्याला स्वतःचं हित हवं त्यानं दुसऱ्याला दुखवू नये. आत्मप्रेम इथे पुराव्यासारखं वापरलं आहे. आठव्या शतकात नालंदेचे आचार्य शांतिदेव हाच धागा पुढे नेतात: पायाचं दुःख हाताचं नसतं, मग हात पायाला का जपतो? दुःख आहे म्हणून दूर करायचं, ते कुणाचं आहे हा प्रश्न नंतरचा.

आता तुमची कोरडी मैत्रीभावना. पहिली गोष्ट, मैत्री म्हणजे ऊब दाटून येणं, अशी समजूत सोडून द्या. ‘सुखी असो’ हा संकल्प आहे. तो प्रामाणिक असला की काम झालं, भावना येते-जाते. दुसरी, क्रम बदलून पाहा. पाचव्या शतकातल्या बुद्धघोषांच्या विशुद्धिमार्ग या ग्रंथात आधी स्वतः, मग आदरणीय किंवा प्रिय व्यक्ती, मग तटस्थ, मग वैरी असा क्रम आहे. तुमच्यासारख्यांनी तटस्थ व्यक्तीवर जास्त मुक्काम करावा असं मला अनुभवानं वाटतं. रोज दिसणारा, नावही माहीत नसलेला एखादा माणूस घ्या. तो तटस्थ का आहे? कारण तुमच्या कथेत त्याचा ना उपयोग आहे ना अडथळा. प्रिय माणसावर मैत्री करताना ‘माझं’ आपोआप मिसळतं, वैऱ्यावर करताना ‘मी किती मोठ्या मनाचा’ मिसळतं. तटस्थ माणसाच्या बाबतीत ‘मी’ला काही मिळत नाही, म्हणूनच ती कोरडी लागते. तो कोरडेपणा अपयश समजू नका. त्या माणसालाही सकाळी काहीतरी खुपलं असेल, त्यालाही कुणाच्या तरी उत्तराची वाट असेल, एवढं एक-दोन मिनिटं धरून ठेवा आणि मग संकल्प करा.

विशुद्धिमार्गातला एक प्रसंग मी नव्या-जुन्या सगळ्या साधकांना सांगतो. तुम्ही, तुमचा प्रिय, तटस्थ आणि वैरी असे चौघे बसला आहात. दरोडेखोर येऊन म्हणतात, बळी द्यायला एक जण द्या. ‘त्याला न्या’ म्हणणाऱ्याच्या मनातली आपपरभावाची सीमा तुटलेली नाही, हे उघड आहे. पण ‘मला न्या, यांना सोडा’ म्हणणाऱ्याचीही तुटलेली नाही! चौघांपैकी कुणीच द्यावासा वाटत नाही, तेव्हा ती तुटली. स्वतःला झिजवणं, सगळ्यांसाठी सगळं करत राहणं, नाही म्हणता न येणं याला करुणा समजणाऱ्यांनी हे नीट वाचावं. चौघांतून स्वतःला वगळणं हाही भेदभावच. तसंच कुणाची अरेरावी किंवा मारहाण सोसत राहणं ही क्षमाशीलता नव्हे; तिथून बाजूला होणं, गरज असेल तर तक्रार करणं, यात त्या माणसाविषयीच्या मैत्रीला कुठेही बाधा येत नाही.

करुणेचा जवळचा शत्रू, म्हणजे तिच्यासारखाच भासणारा, शोक, असंही विशुद्धिमार्गात सांगितलं आहे. दुसऱ्याचं दुःख पाहून आपणच कोसळलो, की लक्ष पुन्हा आपल्यावर येतं. तेव्हा लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेत असलेल्या मेंदूसंशोधक तानिया सिंगर आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत हा फरक स्पष्ट दिसला: इतरांच्या वेदनेशी नुसतं समरस व्हायचं शिक्षण दिल्यावर लोकांना अधिक वाईट वाटू लागलं, करुणेचं शिक्षण दिल्यावर त्याच प्रकारची दृश्यं पाहूनही मनात आपुलकीची, बळ देणारी भावना टिकली. याच संशोधकांनी पुढे लोकांना नऊ महिन्यांचं प्रशिक्षण दिलं, तीन-तीन महिन्यांचे तीन टप्पे. सामाजिक ताणाच्या चाचणीत, नुसत्या लक्षाच्या टप्प्यानंतरही लोक ‘ताण कमी वाटला’ म्हणाले, पण कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाची उसळी कमी झाली ती करुणेच्या आणि दुसऱ्याच्या दृष्टीनं पाहण्याच्या टप्प्यांनंतर. करुणेच्या टप्प्यात रोज जोडीनं करायचा एक सराव होता: एकानं दिवसातला एक कठीण आणि एक कृतज्ञतेचा प्रसंग शरीरात जाणवला तसा सांगायचा, दुसऱ्यानं मध्ये न बोलता ऐकायचं, मग अदलाबदल. घरातल्या कुणाची तयारी असेल तर हे सुरू करा. ज्यांच्या आवाजाचा राग येतो त्यांच्याबरोबरच केलंत तर उत्तम.

‘आपण यांच्यापेक्षा बरे’ यासाठी शांतिदेवांचा आणखी एक सराव आहे, जरा बोचरा. ज्याला तुम्ही कमी लेखता त्याच्या जागी स्वतःला ठेवायचं आणि तिथून स्वतःकडे हेव्यानं पाहायचं: हा डोळे मिटून बसतो, कामं मात्र मला करावी लागतात, याला शांतता, मला गोंगाट. मग बरोबरीच्याच्या नजरेतून स्पर्धेनं, आणि वरच्याच्या नजरेतून तुच्छतेनं. मानाची तिन्ही रूपं उलट्या बाजूनं अनुभवायला मिळतात. आठवड्यातून एखादे वेळी, थोडाच वेळ करा. जे आधीच स्वतःला कोसत असतात त्यांनी करू नये. तसंच खोल नैराश्य असेल, जुन्या आघाताच्या आठवणी उसळत असतील, किंवा ‘मी खरा नाहीच, सगळं परकं वाटतं’ अशी भीतिदायक अवस्था येत असेल, तर ती अनात्माची प्रचीती समजू नका. बैठक थांबवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

सैल होतंय हे ओळखायचं कसं, असं तुम्ही विचाराल. बैठकीतल्या अनुभवांवरून ते कळत नाही. दुखावलं गेल्यापासून पुन्हा जाग्यावर यायला लागणारा वेळ कमी होतो का ते पाहा. कुणी आनंदाची बातमी सांगितली की ‘माझ्या बाबतीत’नं वाक्य सुरू न करता दोन प्रश्न विचारता येतात का ते पाहा. आणि घरच्यांना विचारा. त्यांचं उत्तर आपल्यापेक्षा खरं असतं.

तूर्त बैठकीची मांडणी अशी ठेवा. सुरुवातीची काही मिनिटं श्वास, मन जागेवर येण्यापुरता. मग संवेदना आणि त्यांच्यावर चढणारे ‘माझे’ विचार. शेवटचा तिसरा हिस्सा मैत्री, त्यातही तटस्थ व्यक्ती आधी. आणि घर शांत होण्याची वाट पाहू नका, बोलणं-चालणं सुरू असतानाच बसा. आवाज आला की आवाज, मग अप्रिय, मग ‘माझं ध्यान’ हा विचार, या क्रमानं तीन नोंदी. चौथी, ज्याचा आवाज आहे तो सुखी असो. फारच असह्य झालं तर उठून दार लोटा आणि पुन्हा बसा, त्याला कोणतीही मनाई नाही.